इंजिनाचा पिवळा दिवा : घालवला की तिसऱ्या दिवशी परत हजर

पौडफाटा | २२ जुलै, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे. गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, ६८,००० किलोमीटर, पहिल्यापासून माझ्याच हातात. या महिन्याच्या सुरुवातीला पंधरा दिवस गावी गेलो होतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीकडच्या कोपऱ्यात उभी होती. परत आलो, दोन दिवस चालवली आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो लागलाच. बाकी गाडीला काही म्हणजे काही झालेलं नाही. पिकअप तोच, ॲव्हरेज तेच, मिसिंग नाही, धूर नाही.

पहिला उपाय शेजाऱ्यांनी सांगितला : बॅटरीचं टर्मिनल काढून अर्धा तास ठेवायचं. केलं. दिवा गेला. तिसऱ्या दिवशी परत आला, शिवाय घड्याळ आणि रेडिओची सगळी स्टेशनं गेली ती वेगळीच. मग नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी मशीन लावलं, 'सेन्सर गेलाय' म्हणाले, कोड पुसून दिला आणि ११,४०० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. वर 'कदाचित पुढे कॅटपण लागेल' असंही. कोणता सेन्सर, कोड काय, हे कागदावर कुठेच नाही. दोन दिवसांनी दिवा परत.

घरच्या घरी याचं काही करता येईल का? मला स्टेपनी बदलता येते आणि घरातले फ्यूज बदलता येतात. एवढंच शिक्षण आहे.

टवाळ_तात्या | २२ जुलै, रात्री १०:५२

आमच्या वहिनींच्या गाडीत असाच दिवा होता. त्यांनी त्यावर एक मोठी टिकली लावली. दोन वर्षं झाली, गाडी मस्त चालू आहे. (दिवा घ्या, म्हणजे थट्टा समजा. अर्थात तुमच्याकडे आहेच म्हणा.)

मुग्धा_नाशिक | २२ जुलै, रात्री ११:१५

टिकली लावायच्या आधी एक गोष्ट बघा. दिवा स्थिर आहे की लुकलुकतो? स्थिर असेल तर घाई नाही, आठवडाभर तपासत बसलात तरी चालेल. चालत्या गाडीत लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर चालू आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाहीये, असं समजायचं. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (तुमचा 'कॅट' तो हाच, धूर स्वच्छ करणारा डबा) जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. मग ११,४०० स्वस्त वाटतील. ऑइलचा लाल दिवा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा असेल तर धागा काढायचाच नाही, रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन बंद करायचं.

तुमच्या गाडीला स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याच्या वर कुठेतरी १६ पिनांचं पसरट सॉकेट असेल. भारतात १ एप्रिल २०१३पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ आलं (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःचे दोष शोधून कोडच्या रूपात नोंदवतो ती व्यवस्था), त्यामुळे २०१५च्या गाडीला ते असणारच. त्यात घालायचा ब्लूटूथचा ठोकळा हजाराच्या आत ऑनलाइन मिळतो, नाव 'ईएलएम ३२७'. मिळतात त्या बहुतेक नकलाच असतात, पण कोड वाचायला पुरतात. फोन अँड्रॉइड असेल तर कुठलाही चालेल. आयफोन असेल तर वाय-फायवाला किंवा 'ब्लूटूथ लो एनर्जी' लिहिलेला बघून घ्या, साधा ब्लूटूथवाला आयफोनला सापडतच नाही.

आणि कृपा करून कोड पुसू नका. आधी वाचा, फोटो काढा. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंद असते : दोष सापडला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम. बॅटरी काढली किंवा कोड पुसला की तीही पुसली जाते. तुम्ही आणि सर्व्हिस सेंटर मिळून आतापर्यंत दोनदा पुरावा धुऊन टाकलाय.

कराडचे_नाना | २३ जुलै, सकाळी ६:३०

चाळीस वर्षं गॅरेज चालवतोय. पावसाळ्यात उभी गाडी, परत आल्यावर दिवा, पिकअपला फरक नाही. माझा अंदाज सांगू? मागचा ऑक्सिजन सेन्सर. पाणी गेलं असंल. पण अंदाजावर पार्ट आणू नका राव. कोड बघा आधी.

पौडफाटा | २६ जुलै, रात्री ९:०५

ठोकळा आला. ६४९ रुपये. जोडायला अर्धा तास लागला कारण फोन '१२३४' पिन मागत होता आणि मी त्याला घरच्या वाय-फायचा पासवर्ड देत होतो.

कोड एकच आहे : पी ०१४१. नाना, दंडवत! ॲप म्हणतंय 'ऑक्सिजन सेन्सर हीटर सर्किट, बँक १, सेन्सर २'. फ्रीझ फ्रेममध्ये वेग ०, आरपीएम ७८०, इंजिनाचं तापमान ८४. म्हणजे सिग्नलला उभा असताना सापडला. तर आता सेन्सर मागवू का? ऑनलाइन २,८०० ला दिसतोय.

न्यूजर्सीकर | २६ जुलै, रात्री ९:४०

थांबा, थांबा. कोड म्हणजे रोगाचं नाव नव्हे, दुखतंय कुठे त्याचा पत्ता. 'हीटर सर्किट' म्हणजे हीटर, त्याची वायर, कनेक्टर, फ्यूज, सगळं आलं.

आमच्याकडची एक गंमत सांगतो. इथे दर दोन वर्षांनी तपासणीला गाडी न्यावी लागते आणि १९९६पासूनच्या गाड्यांना नळकांडं वगैरे घालत नाहीत, सरळ हाच सोळा पिनांचा प्लग लावतात. मागे माझ्या गाडीत दिवा लागला होता. मी तपासणीच्या दिवशी सकाळी शहाण्यासारखा कोड पुसला आणि गेलो. दिवा बंद, मी खूश. तिथल्या माणसाने स्क्रीन बघून गाडी परत पाठवली. कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात. 'रेडिनेस मॉनिटर' म्हणतात त्यांना. एखादी अपुरी चालते, माझ्या तर सगळ्याच कोऱ्या होत्या. त्या भरायला आठवडाभर साधं चालवावं लागलं, आणि आठवड्याच्या आत दिवा परत आला. कारण काय होतं? पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. टाकीतली वाफ बाहेर जाते तेही गाडी तपासत असते. झाकण तीन वेळा 'टक टक' होईपर्यंत पिळलं, आणि चार दिवसांनी दिवा आपोआप गेला.

पौडफाटा | २६ जुलै, रात्री ९:४८

आपोआप जातो?

मुग्धा_नाशिक | २६ जुलै, रात्री १०:१०

हो. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत सापडले तरच दिवा लागतो, एकदाच सापडला तर 'पेंडिंग' म्हणून नुसती नोंद राहते. म्हणूनच तुमचा दिवा पुसल्याबरोबर परत न येता दोन-तीन दिवस घेतो. आणि दोष खरंच गेला असेल तर लागोपाठ तीन चांगल्या फेऱ्यांनंतर दिवा स्वतःच विझतो. नोंद मात्र आत राहते, इंजिन थंडपासून गरम होण्याच्या चाळीस वेळा झाल्या की मग ती पुसली जाते. पुसायचं बटण ही खरं तर फक्त आपल्या उतावीळपणाची सोय आहे.

आता तुमचा सेन्सर. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि मागे एक. पुढच्याचं ऐकून गाडी पेट्रोल कमी-जास्त करते. मागचा मुख्यतः कॅट काम करतोय की नाही यावर लक्ष ठेवायला बसवलेला. 'सेन्सर २' म्हणजे हा मागचा. म्हणून तुम्हाला पिकअपमध्ये, ॲव्हरेजमध्ये काहीच जाणवत नाही. हे सेन्सर साधारण तीनशे अंशांच्या वर तापले की मगच नीट सांगायला लागतात. धुराच्या उष्णतेवर अवलंबून राहायला नको म्हणून आत छोटा हीटर असतो, तुमची तक्रार त्या हीटरची आहे.

मल्टीमीटर आहे का? दोनशे रुपयांचा पिवळा चालेल. इंजिन पूर्ण थंड असताना मागच्या सेन्सरची वायर शोधा, ती चार तारांची असते. कनेक्टर सोडवा. सेन्सरच्या बाजूच्या चार पिनांमध्ये एका रंगाच्या दोन तारा दिसतील, त्या हीटरच्या. त्यांच्यामध्ये ओहम मोजा. काही ओहम आले, म्हणजे पाच-दहा-पंधराच्या घरात, तर हीटर शाबूत. मीटरने '१' दाखवलं, म्हणजे तुटलेलं, तर सेन्सर गेला आणि नाना जिंकले.

मग चावी ऑन, इंजिन बंद. गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये एका पिनवर बॅटरीचं व्होल्टेज यायला हवं.

ठाणेकर_डिझेल | २७ जुलै, दुपारी १:२०

अवांतराबद्दल क्षमस्व, पण माझ्या बीएस-६ डिझेलला डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरचा, दिवा येतो. हा ठोकळा घेऊन पुसला तर चालेल का?

कराडचे_नाना | २७ जुलै, दुपारी २:००

नाही चालणार. तुमची फिल्टरची जाळी काजळीनं भरलीय. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये ती जळत नाही. हायवेला घ्या, टॉप गिअरच्या एक गिअर खाली, साठ-सत्तरच्या वेगानं वीस मिनिटं न थांबता चालवा. मधेच बंद करू नका. काजळी जळली की दिवा जातो. दर वेळी पुसत बसलात तर एक दिवस गाडी लिंप मोडला जाईल, म्हणजे जोरच धरणार नाही, आणि मग टो करून आणावी लागंल.

ठाणेकर_डिझेल | २८ जुलै, रात्री ८:१५

शहापूरपर्यंत जाऊन आलो. गेला दिवा! येताना मिसळ खाल्ली. धन्यवाद नाना.

इंधन_अभ्यासक | २८ जुलै, रात्री ९:३०

सगळे सेन्सर, सेन्सर करताय, पण मूळ कारण कोणी बोलत नाही. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. २०१५ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. माझ्या ओळखीत ज्याला त्याला दिवा येतोय.

मुग्धा_नाशिक | २८ जुलै, रात्री १०:०५

जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील याबद्दल तुमची काळजी मला पटते, ॲव्हरेज कमी होतं हेही खरं. पण या धाग्यातल्या दिव्याशी त्याचा संबंध नाही. हीटरची विजेची वायर पेट्रोल पीत नाही.

आणि ज्यांना पी ०१७१, म्हणजे 'मिश्रण पातळ' (हवा जास्त, पेट्रोल कमी) असा कोड येतो, त्यांच्याबाबतही हिशोब करून बघा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-१०ला सुमारे १४.१, ई-२०ला सुमारे १३.५. ई-१०वरून ई-२०वर आल्यावर गाडीला चारेक टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. ठोकळ्यावर 'लाँग टर्म फ्यूएल ट्रिम' बघा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन कमी-जास्त सोडतोय तो आकडा, तिथे हे दिसतं. कोड यायला तो आकडा साधारण वीस-पंचवीसच्या घरात जावा लागतो. चार टक्क्यांनी कोणी तिथवर पोचत नाही. आधीच कुठे हवा गळत असेल, इंजेक्टर तुंबले असतील, पंप थकला असेल, तर ई-२०ने शेवटची काडी टाकली असं होऊ शकतं. काडी बदलून उपयोग नाही, भारा बघायला हवा.

इंधन_अभ्यासक | २८ जुलै, रात्री १०:२०

बघू. माझं मत कायम आहे.

सीएनजी_भोसरी | २८ जुलै, रात्री ११:००

मुग्धाताई, बाहेरून बसवलेल्या सीएनजी कीटच्या गाड्यांत पातळचा कोड फार बघितलाय. गॅसवर चालताना गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलचे ट्रिम हलवत बसतो, कीटचं ट्यूनिंग चुकलेलं असलं की पेट्रोलवर आल्यावर गोंधळ. कीटवाल्याकडे लॅपटॉप लावून मॅप नीट करून घ्यायचा, दिवा नुसता पुसून द्या म्हणायचं नाही. बाकी तुमचं चालू द्या, वाचतोय.

पौडफाटा | २ ऑगस्ट, दुपारी १२:४५

शनिवार सार्थकी लागला. रिपोर्ट देतो.

कनेक्टर गिअरबॉक्सच्या वर सापडला, वरून हात घालून पोचतो, फक्त हात माझ्यापेक्षा बारीक हवा होता. मुलीला बोलावलं, तिने दोन मिनिटांत लॉक दाबून सोडवला. (वय ११. फी : एक आइसक्रीम.)

हीटर : ७.८ ओहम. म्हणजे चांगला ना?

फ्यूज : चांगला.

गाडीच्या बाजूला चावी ऑन करून : १२.३ व्होल्ट.

म्हणजे वीज येतेय, हीटरही चांगला आहे आणि तरी कोड हीटरचा. मग आता कॉम्प्युटरच गेला का? सर्व्हिस सेंटरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, 'सर, सेन्सर बदलून बघू.' बघू! ११,४०० ला.

मुग्धा_नाशिक | २ ऑगस्ट, दुपारी १:३०

७.८ म्हणजे हीटर ठणठणीत. १२.३ म्हणजे पुरवठाही ठीक. उरते हीटरकडून कॉम्प्युटरकडे जाणारी दुसरी तार, कॉम्प्युटर तीच अर्थिंगला जोडून हीटर चालू-बंद करतो. ती कनेक्टरपासून कॉम्प्युटरपर्यंत तपासावी लागेल. जरा किचकट आहे, सांगते संध्याकाळी.

कराडचे_नाना | २ ऑगस्ट, दुपारी ३:१०

ताई, तुमचं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त, पण १२.३वर विश्वास ठेवू नका. मीटरला वीज लागतच नाही काही. वायरीची सगळी तारं तुटून एक केसाएवढी तार राहिली तरी मीटर १२ दाखवतंय. आमच्याकडं मीटर नव्हतं तेव्हापासून आम्ही काय करतो, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतो, त्याला दोन वायरी जोडतो. एक त्या पिनला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी. मिणमिणला तर वायर खोटी.

पिनमध्ये जाड तार कोंबू नका, पिन सैल होते आणि मग दुसरा दिवा लागतो. टाचणी वापरा. आन् टाचणी बॉडीला टेकू देऊ नका, फ्यूज जाईल.

मुग्धा_नाशिक | २ ऑगस्ट, दुपारी ३:२५

नाना, कान धरले. बरोबर आहे. ७.८ ओहमचा हीटर थंड असताना दीडेक अँपिअर ओढतो, २१ वॅटचा बल्ब पावणेदोन. म्हणजे बल्ब म्हणजे जवळपास हीटरच. मीटर ओढतो मायक्रो अँपिअर. लोड न लावता व्होल्टेज मोजणं म्हणजे रिकाम्या पुलावर उभं राहून पूल भक्कम आहे म्हणणं. मी हे दुसऱ्यांना शिकवते आणि इथे स्वतःच विसरले.

पौडफाटा | २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

बल्ब लावला. काळोखात चूल विझताना निखारा दिसतो तेवढाच लाल. बल्ब लावलेला असतानाच मीटर लावून बघितलं : १.९ व्होल्ट. बल्ब काढला की परत १२.३!

नाना, तुमच्या पाया पडायला कराडला येतो.

मुग्धा_नाशिक | २ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५

आता शोध सोपा झाला. बऱ्याच गाड्यांत दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे हीटर एकाच फ्यूजवर असतात. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर बघा. तसं असेल आणि पुढच्या सेन्सरचा कोड, पी ०१३५, आलेला नसेल, तर फ्यूजपासून फाट्यापर्यंतची (जिथून दोन सेन्सरच्या वायरी वेगळ्या होतात तिथपर्यंतची) वायर चांगली आहे. खराबी फाट्यापासून तुमच्या कनेक्टरपर्यंतच्या तुकड्यात. तो तुकडा बोटांनी चाचपत जा. आणि हात घालायच्या आधी बॅटरी सोडवा : दहाचा पाना, निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं.

पौडफाटा | ३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण हे बघून मी दोन मिनिटं नुसता उभा होतो.

फ्यूज एकच आहे. वायर कनेक्टरपासून मागे बॅटरीखाली जाते. बॅटरी काढली, तिचा प्लॅस्टिकचा ट्रे काढला, आणि ट्रेखाली संसार. पालापाचोळा, बॉनेटच्या आतल्या काळ्या फेल्टचे लचके, दुधाच्या पिशवीचे तुकडे, अर्धी वाळकी चपाती आणि आंब्याची एक कोय, पांढरी होईपर्यंत चावलेली. कोय! बॉनेटखाली! त्या सगळ्याच्या मधून आमच्या वायरींचा जुडगा जात होता. वरचं काळं कव्हर वीतभर गायब. तीन तारांचं रबर खरवडलेलं, दोन आतून शाबूत, आणि तिसरीचं तांबं दातांनी कातरलेलं, उरलेली एक-दोन तारं हिरवी पडलेली. बोट लावलं आणि तुटली.

तीच आपली.

मालक घरी नव्हते. त्यांच्या लेंड्या भरपूर होत्या.

टवाळ_तात्या | ३ ऑगस्ट, सकाळी ११:४१

गणपती तीन-चार आठवड्यांवर आलेत आणि त्यांच्या वाहनाने तुमचं वाहन खाल्लं. तक्रार कुठे करणार?

न्यूजर्सीकर | ३ ऑगस्ट, सकाळी ११:५५

इथे आमच्याकडे चिपमंक (खारीसारखा प्राणी) हेच करतात. दिसायला गोड असतात म्हणून कोणी बोलत नाही.

कराडचे_नाना | ३ ऑगस्ट, दुपारी १२:२०

मी पाणी म्हणालो होतो, निघाला उंदीर. चालायचंच. सेन्सर तरी वाचला.

हे बघा, आता जोडताना. मास्क आणि हातमोजे घालून ती घाण काढा, लेप्टोचा (उंदरांपासून होणाऱ्या तापाचा) सीझन आहे. नुसतं पिळून टेप मारू नका. इंजिनाच्या उष्णतेनं टेपचा डिंक सुटतो, चार महिन्यांत परत हिरवं. तुटलेल्या टोकापासून तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागं कापा. वायर कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा मधे घाला, बारीक घालू नका. आणि क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबून जोडा. सोल्डर करू नका, सोल्डरची वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथरीनं त्याच्या शेजारी मोडते.

मुग्धा_नाशिक | ३ ऑगस्ट, दुपारी १२:५०

क्रिंपिंगचा नीट पाना असेल तर नानांचं बरोबर. पण घरी पक्कडीने दाबलेला क्रिंप हा सगळ्यात वाईट जोड असतो. पौडफाटा, तुमच्याकडे सोल्डरगन असेल तर सोल्डर करा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी, नळी चढवा (आधी नळी वायरीत घाला, मग जोडा, नाहीतर सगळं परत उसवावं लागतं, विचारू नका कसं माहीत) आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर जुडग्याला बांधा, म्हणजे थरथरणार नाही. खरवडलेल्या दोन तारांनाही झाकायला विसरू नका.

आणि हे दुसऱ्या वाचकांसाठी : गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापू नका, फोटो काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा. पिवळं कव्हर असलेल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना घरी अजिबात हात लावायचा नाही.

कराडचे_नाना | ३ ऑगस्ट, दुपारी १:०५

नळी आधी घालायची. हे मात्र खरं. मीपण विसरतो अजून.

पौडफाटा | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

सोल्डर केलं. नळी आधी घातली. (पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी.) वर नवीन खाचांची काळी नळी चढवली. खर्च : हीट-श्रिंक ४० रुपये, काळी नळी ६०, आइसक्रीम ५०. बल्ब लावून बघितला, डोळे दिपले. लोडवर ११.९ व्होल्ट. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून कोड पुसला, आणि आता गप्प बसून चालवणार. रेडिनेसमध्ये कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर 'अपूर्ण' दाखवतंय.

एक शंका. दिवा चालू असतानाच २८ जुलैला पीयूसी काढली होती आणि ती आरामात पास झाली. मग हा दिवा प्रदूषणाचा कसा?

मुग्धा_नाशिक | ३ ऑगस्ट, रात्री ८:१०

कारण आपली पीयूसी नळकांड्यातला धूर मोजते, गाडीला प्रश्न विचारत नाही. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असले की झालं. तुमचा कॅट चांगला आहे, पुढचा सेन्सर चांगला आहे, धूर स्वच्छच असणार. फक्त उद्या कॅट बिघडला असता तर ते सांगणारा पहारेकरी झोपला होता.

दोन्ही 'पूर्ण' झाले आणि दिवा आला नाही, की गाडीने स्वतःच हीटर तपासून पास केला असं समजा. नुसता शहरात फिरवू नका, एकदा एका वेगात पंधरा-वीस मिनिटं चालवा. आणि तो ठोकळा सॉकेटमध्ये ठेवून देऊ नका, १६ नंबरच्या पिनला कायम बॅटरी असते. गाडी आठवडाभर उभी राहिली तर सेल मारायला वीज उरणार नाही.

वाईची_वैदेही | ४ ऑगस्ट, सकाळी ९:००

मूळ रोगावर कोणी बोलतच नाहीये. उंदीर आहे तिथेच आहे ना! आमच्याकडे बॉनेटमध्ये तंबाखूची पानं बांधतात. डांबरगोळ्याही ठेवून बघितल्या, एसीतून वास येऊन लेकाचं डोकं दुखायला लागलं, काढून टाकल्या.

सीएनजी_भोसरी | ४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

तंबाखू महिनाभर चालते, मग वास उडतो आणि उंदीर त्यातच घर करतो. स्वतः बघितलंय. टॅक्सीवाले रात्री बॉनेट उघडं ठेवतात, उजेड असला की येत नाही म्हणतात. माझ्या मते मुख्य म्हणजे जागा बदला आणि गाडी रोज हलवा. उभ्या गाडीतच बाळंतपणं होतात.

पौडफाटा | ४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

कोपऱ्यात आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचा ड्रम आहे. माझ्या गाडीपासून चार पावलांवर. कोय कुठून आली ते आत्ता कळलं. सेक्रेटरींना लिहितो.

पौडफाटा | २३ ऑगस्ट, रात्री ९:४०

बरेच दिवस झाले, कळवायचं राहिलं. खंबाटकीपर्यंत जाऊन आलो त्या दिवशी दोन्ही मॉनिटर 'पूर्ण' झाले. आज वीस दिवस, ६१० किलोमीटर, दिवा नाही, पेंडिंगमध्येही काही नाही. बॅटरीच्या ट्रेखाली दर रविवारी टॉर्च मारून बघतो. गेल्या रविवारी पाचोळ्याची दोन पानं होती, ती काढली.

ड्रम हलवला. आता तो ब विंगच्या कोपऱ्यात आहे.

काल ब विंगच्या एका काकांनी गेटवर थांबवलं. म्हणाले, 'तुम्हाला गाडीतलं कळतं असं ऐकलं. आमच्या मीटरमध्ये एक पिवळा दिवा लागलाय.'

टवाळ_तात्या | २३ ऑगस्ट, रात्री ९:४४

कोय दिसली का बघा.